मर्क्युरी-रेडस्टोनची सहा उड्डाणं आणि २४ मार्च १९६१ चा निर्णय

या उड्डाणांचा तक्ता करणाऱ्या एकाचा प्रश्न असा आहे: अमेरिकेने पहिला अंतराळवीर ज्या रॉकेटवरून पाठवला, त्या मर्क्युरी-रेडस्टोनची उड्डाणं कुठे पाच, कुठे सहा अशी का मोजलेली दिसतात? आणि २४ मार्च १९६१ चं माणसाविना केलेलं उड्डाण मध्ये घुसवलं नसतं, तर अमेरिकेचे ॲलन शेपर्ड सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन यांच्या आधी अंतराळात पोचले असते. मग हे रॉकेट घडवणाऱ्या चमूचे प्रमुख वेर्नर फोन ब्राउन यांच्या अतिसावधपणामुळे अमेरिकेचा पहिला नंबर हुकला असं म्हणायचं का?

उत्तर आधी सांगतो. तारखांचा हिशोब खरा आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. माझं नोकरीचं जवळजवळ सगळं आयुष्य उड्डाणाच्या क्रमनियंत्रणात गेलं. कोणती केबल कधी सुटायची, कोणता रिले (विजेचा आपोआप चालणारा स्विच) कधी जागा व्हायचा, ठरावीक सेकंदाला रॉकेटने कोणत्या सिग्नलवर विश्वास ठेवायचा, हे आमचं काम. त्या कामातल्या माणसाने या सहा उड्डाणांचे तपशील वाचले, की २४ मार्चचा निर्णय त्याला भित्रेपणाचा वाटत नाही.

आधी रॉकेटची ओळख. रेडस्टोन हे मुळात अमेरिकन लष्कराचं क्षेपणास्त्र. अलाबामातल्या हंट्सव्हिलला फोन ब्राउन यांच्या चमूने ते घडवलं आणि त्याची वंशावळ थेट दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्रापर्यंत जाते. पहिलं उड्डाण २० ऑगस्ट १९५३ ला झालं, उत्पादन क्रायस्लरकडे होतं, इंजिन रॉकेटडाइनचं. त्याच्या भरवशामुळे लोक त्याला प्रेमाने 'जुना विश्वासू' म्हणत. माणसासाठी त्यात शेकडो बदल करावे लागले. टाक्या लांब केल्या, त्यामुळे इंजिन सुमारे २० सेकंद जास्त, म्हणजे साधारण १४३ सेकंद चालू लागलं. इंधन म्हणून ७५ टक्के अल्कोहोल आणि २५ टक्के पाणी यांचं मिश्रणच ठेवलं, कारण याच घराण्यातल्या ज्युपिटर-सी रॉकेटमधलं जास्त ताकदीचं इंधन विषारी होतं आणि वर माणूस बसणार होता. क्षेपणास्त्रातली गुंतागुंतीची मार्गदर्शन यंत्रणा काढून एलईव्ही-३ हा साधा, जुना ऑटोपायलट बसवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःची प्रकृती स्वतः तपासून, बिघाड दिसला तर अंतराळवीराला न विचारता कुपी (रॉकेटच्या टोकावरचा, माणूस बसायचा भाग) उडवून दूर नेणारी स्वयंचलित सुटका यंत्रणा आली.

हा शेवटचा बदल लक्षात ठेवा. रॉकेट जितकं 'हुशार' होतं, तितकं ते आपल्याला मिळालेल्या सिग्नलच्या आहारी जातं. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

पहिलं उड्डाण एमआर-१ (एमआर म्हणजे मर्क्युरी-रेडस्टोन), २१ नोव्हेंबर १९६०, सकाळी नऊ, केप कॅनव्हेरल. कुपीत कोणी नव्हतं. इंजिन पेटलं, रॉकेट सुमारे चार इंच म्हणजे १० सेंटिमीटर उचललं गेलं, इंजिन बंद पडलं आणि रॉकेट पुन्हा पॅडवर बसलं. कलंडलं नाही, फुटलं नाही. मग कुपीच्या टोकावरचा सुटकेचा मनोरा, म्हणजे संकटात कुपीला ओढून नेणारं छोटं रॉकेट बसवलेला सांगाडा, एकटाच भर्रकन आकाशात गेला. कुपी जागची हलली नाही. काही सेकंदांत कुपीच्या डोक्यातून छोटं पॅराशूट बाहेर पडलं, पाठोपाठ मुख्य पॅराशूट आणि मग राखीव पॅराशूटही. धूर विरला तेव्हा समोर इंधनाने काठोकाठ भरलेलं, आतून विजेवर चालू असलेलं रॉकेट उभं होतं, त्याच्या अंगावर पॅराशूटची कापडं लोंबत होती, आणि वारा कधी भरेल याचा नेम नव्हता.

झालं काय होतं? रॉकेटच्या एका शेपटीच्या पंखाला खालून दोन विद्युत केबल जोडलेल्या होत्या. एक नियंत्रणाची, दुसरी वीजपुरवठ्याची, आणि या दुसरीतूनच रॉकेटला अर्थिंग मिळत होतं. रॉकेट वर सरकलं की आधी नियंत्रणाची सुटायची, मग विजेची, असा क्रम. पण त्या दिवशी नियंत्रणाची केबल लष्करी रेडस्टोनसाठी बनवलेली, जरा लांब निघाली. ती आखूड करायला लावलेला क्लॅम्प नीट बसवला गेला नव्हता. म्हणून विजेची केबल आधी सुटली आणि नियंत्रणाची २९ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्या वेळात अर्थिंग नसल्यामुळे प्रवाहाने भलतीच वाट धरली, आणि उड्डाणाच्या शेवटी इंजिन बंद करणारा रिले जागा झाला.

आकडा घेऊन बघा, म्हणजे अंदाज येईल. सुमारे ३० टन वजन, सुमारे ३५ टन रेटा. म्हणजे सुरुवातीला हे रॉकेट अगदी संथ उचललं जातं, पहिल्या १० सेंटिमीटरला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. त्या वेगाने २९ मिलिसेकंदांत ते फार तर दीड-दोन सेंटिमीटर सरकेल. केबलच्या लांबीत बोटभर फरक, आणि सगळा खेळ उलटा.

त्यानंतरच्या प्रत्येक यंत्रणेने तिला मिळालेल्या माहितीप्रमाणे बरोबरच काम केलं, हे मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. इंजिन अचानक बंद पडलं असं कळलं असतं, तर सुटका यंत्रणेने कुपीच उचलून नेली असती. पण निरोप गेला 'नेहमीचं कट-ऑफ' असा, म्हणजे चढाई व्यवस्थित पूर्ण झाली. चढाई संपली की मनोरा टाकून द्यायचा, म्हणून मनोरा गेला. कुपी सुटायची ती वेग वाढणं थांबल्यावर, पण पॅडवर उभ्या रॉकेटला पृथ्वीचं पूर्ण गुरुत्व (१ जी) जाणवत होतं, म्हणून कुपी चिकटून राहिली. मनोरा गेला की पॅराशूटची यंत्रणा सज्ज होते. हवेचा दाब सांगत होता की आपण दहा हजार फुटांच्या खाली आहोत, म्हणून पॅराशूट उघडलं. मुख्य पॅराशूटवर भार जाणवला नाही, म्हणजे ते फाटलं असणार असं समजून राखीवही सोडलं. नवशिक्या मुलांना तर्कशृंखला शिकवताना मी नेहमी याच उड्डाणापासून सुरुवात करायचो.

त्या रॉकेटचं आता करायचं काय, यावर नियंत्रण कक्षात भलभलत्या सूचना आल्या. टाक्यांतला दाब उतरवण्यासाठी बंदुकीने भोकं पाडावीत, इथपर्यंत. उड्डाण नियंत्रणाचे प्रमुख क्रिस क्राफ्ट यांनी कशालाच हात लावू दिला नाही. बॅटऱ्या उतरू द्या, द्रव ऑक्सिजन उकळून जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा. वारा शांत राहिला आणि ते निभावलं. काय करावं ते नक्की माहीत नसेल तर काहीही करू नका, हा नियम उड्डाण नियंत्रणाच्या खोलीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका जमिनीवरच्या चाचणीत कनेक्टर ओढणारी दोरी थोडी सैल राहिली होती आणि नोंदीत पिना सुटण्याचा क्रम उलटा दिसला. इंजिन जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. पण तो आलेख बघताना माझे हात थंड पडले होते, कारण एमआर-१ मी तोवर वाचलेलं होतं.

दुरुस्ती साधी होती. अर्थिंगसाठी एक वेगळी पट्टी जोडली, जी इतर सगळं सुटल्यावरच सुटेल. शिवाय उड्डाणाला सुमारे १३० सेकंद होईपर्यंत 'नेहमीचं कट-ऑफ' हा सिग्नल कुपीपर्यंत पोचूच नये, अशी अडवणूक घातली. तीच कुपी दुसऱ्या कुपीचा मनोरा लावून १९ डिसेंबर १९६० ला नव्या रॉकेटवर उडाली. हे एमआर-१ए. २१० किलोमीटर उंची, ३७८ किलोमीटर पल्ला, सगळं यशस्वी. फक्त इंजिन बंद होताना वेग ठरल्यापेक्षा जरा जास्त निघाला. याला यश म्हणून टाळ्या वाजवायला हरकत नव्हती, पण वेग जास्त का निघाला, हा प्रश्न उघडाच होता.

३१ जानेवारी १९६१ ला त्या प्रश्नाने पुन्हा डोकं वर काढलं. (बरोबर तीन वर्षांपूर्वी, ३१ जानेवारी १९५८ ला, याच रेडस्टोनच्या घराण्यातल्या रॉकेटने अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ कक्षेत नेला होता.) एमआर-२ वर हॅम नावाचा चिंपांझी होता. कॅमेरूनमध्ये जन्मलेला, न्यू मेक्सिकोतल्या होलोमन हवाई तळावर शिकवलेला, वजन सुमारे १७ किलो. दिवा लागला की कळ दाबायची, हे त्याचं काम.

रेडस्टोनचे पंप वाफेवर फिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन करून वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनने पंप. पेरॉक्साइड किती सोडायचं हे एक झडप ठरवते. हॅमच्या उड्डाणात ती झडप नीट आवरली नाही. पंप जोरात फिरले, रेटा वाढला, द्रव ऑक्सिजन भराभर संपू लागला. एका मिनिटातच चढाईचा कोन बिघडतोय असं संगणक सांगू लागले. २ मिनिटं १७ सेकंदांना ऑक्सिजन संपला आणि इंजिनातला दाब कोसळला.

आता वेळेचा खेळ बघा. इंजिनाचा दाब पडला की सुटका करायची, हा नियम चढाईच्या अगदी शेवटी निकामी केला जातो, कारण तेव्हा इंजिन बंद पडणारच असतं. तो निकामी होण्याचा क्षण ठरवला होता १३७.५ सेकंदांना. ऑक्सिजन त्याच्या अर्धा सेकंद आधी संपला. यंत्रणेने तो बिघाड मानला आणि नियमाप्रमाणे सुटकेचं रॉकेट पेटवलं. आधीच जास्त वेगात असलेल्या कुपीला वरून आणखी एक धक्का मिळाला, आणि वेग कमी करणारी रॉकेटं या गडबडीत निघून गेली. उंची १८५ किलोमीटर ठरली होती, झाली २५३. पल्ला सुमारे ४६७ ठरला होता, झाला ६७९ किलोमीटर. परतताना हॅमला १४.७ जी सोसावे लागले. त्यात कंपनांनी एक झडप उघडून कुपीतली हवा निसटली. हॅम त्याच्या बंद आसनपेटीत होता म्हणून वाचला. समुद्रात पडल्यावर कुपीला भोकं पडून आत पाणी शिरलं. हेलिकॉप्टर पोचेपर्यंत ती कलंडून तरंगत होती. हॅम जिवंत आणि ठणठणीत निघाला, पुढे १९८३ पर्यंत जगला.

वृत्तपत्रांत बातमी आली की चिंपांझी सुखरूप. आमच्या धंद्यातला माणूस मात्र एकच गोष्ट बघेल: झडप, वेगमोजणी, कंपनं आणि वेळापत्रक या चार वेगवेगळ्या जागी गोष्टी हुकल्या होत्या, आणि त्यातल्या वेगाच्या तक्रारीची चाहूल आधीच्या यशस्वी उड्डाणातच लागली होती.

वाद पेटला तो इथे. मर्क्युरी, म्हणजे माणूस अंतराळात पाठवण्याचा अमेरिकेचा प्रकल्प, चालवणारे रॉबर्ट गिलरथ यांचे लोक म्हणत होते की माणूस असता तरी वाचला असता, पुढचं उड्डाण शेपर्ड यांचंच करा. शेपर्डही तयार होते आणि पुढे आयुष्यभर त्यांना ही हुरहूर राहिली. हंट्सव्हिलमध्ये फोन ब्राउन यांचे सहकारी मात्र अडून बसले की केलेल्या दुरुस्त्या एकदा रिकाम्या उड्डाणात बघितल्याशिवाय माणूस बसवायचा नाही. रॉकेटची जबाबदारी त्यांची होती, त्यामुळे त्यांचं चाललं.

एमआर-बीडी हे त्याचं नाव. बीडी म्हणजे बूस्टरच्या विकासासाठीचं उड्डाण. शेपर्ड यांच्या उड्डाणाला एमआर-३ हा क्रमांक आधीच दिलेला होता, म्हणून या घुसवलेल्या उड्डाणाला अंक मिळालाच नाही. तुमच्या मोजणीतला गोंधळ मुख्यतः यामुळे. काहीजण हे वगळतात, काहीजण चार इंचांना उड्डाण मानत नाहीत.

रेटा आवरणारी आणि वेग मोजणारी यंत्रणा सुधारली, रॉकेटच्या वरच्या भागाला ताठर पट्ट्या लावल्या, कंपन शोषणारा थर दिला. वर एक जुनी, आधी दुसऱ्या चाचणीत वापरलेली पोकळ कुपी बसवली, जी सुटणारच नव्हती. २४ मार्च १९६१ ला ते उडालं, ८ मिनिटं २३ सेकंदांत १८२ किलोमीटर उंची गाठून अटलांटिकमध्ये बुडालं. वेग बरोबर आला. १९ दिवसांनी, १२ एप्रिलला, गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून १०८ मिनिटांत परतले.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि ती सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर अपुरं राहील. त्याच महिन्यात सोव्हिएत बाजूही नेमकं हेच करत होती. ९ मार्चला आणि २५ मार्चला, म्हणजे एमआर-बीडीच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी व्होस्टोक यान कुत्री आणि पुतळा बसवून कक्षेत पाठवलं. आधी चेर्नुश्का, मग झ्व्योझ्दोच्का. डिसेंबर १९६० मध्ये त्यांची दोन यानं वाया गेली होती, त्यामुळे लागोपाठ दोन निर्दोष रंगीत तालमी झाल्याशिवाय सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह माणूस बसवणार नव्हते. म्हणजे एका बाजूने घाई करून बाजी मारली आणि दुसरी सावधपणामुळे हरली, असं चित्र उभं राहत नाही. दोघांनीही तालीम घेतली. कोरोल्योव्ह यांच्याकडे कक्षेत जाण्याइतकं ताकदवान रॉकेट होतं. रेडस्टोनचा सर्वोच्च वेग सेकंदाला सव्वादोन-अडीच किलोमीटर, कक्षेला लागतात पावणेआठच्या वर. शेपर्ड मार्चमध्ये गेले असते तरी पंधरा मिनिटांची ती फेक ठरली असती, आणि तीन आठवड्यांत गागारिन यांनी तिला झाकून टाकलं असतं.

आणि बीडीनेही सगळं सुटलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ५ मे १९६१ ला एमआर-३ वर शेपर्ड गेले. ढग, रॉकेटमधला नादुरुस्त इन्व्हर्टर आणि नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या संगणकाची तक्रार यांमुळे होल्डवर होल्ड लागत गेले, म्हणजे मोजणी पुन्हापुन्हा थांबवावी लागली, आणि चार तासांहून जास्त ते कुपीत पडून होते. सकाळी ९ वाजून ३४ मिनिटांनी उड्डाण झालं. ध्वनिवेग ओलांडल्यानंतर हवेचा दाब सर्वांत जास्त असतो त्या टप्प्यात डोकं इतकं थरथरलं की त्यांना समोरचे डायल वाचता येईनात. त्यांनी त्या वेळी काही कळवलं नाही, थरथर ओसरल्यावरच सांगितलं. आधी बोललो असतो तर कोणी तरी घाबरून उड्डाण तोडेल, अशी त्यांना धास्ती होती. ती कंपनं हॅमच्या उड्डाणातल्या कंपनांच्या मानाने सौम्य केलेली होती. दुरुस्ती न करता मार्चमध्ये बसवलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा. मी स्वतः त्या खुर्चीत माणूस बसवायला सही केली नसती. उंची १८७ किलोमीटर, पल्ला ४८७, वेळ सव्वापंधरा मिनिटं. २० दिवसांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली तेव्हा अमेरिकेच्या गाठीला मानवी उड्डाणाचा एवढाच अनुभव होता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर २१ ऑक्टोबर २०२३ ची श्रीहरिकोटाची सकाळ आठवा. गगनयानाच्या सुटका यंत्रणेची चाचणी-रॉकेटवरची पहिली उड्डाण चाचणी, टीव्ही-डी१ (टीव्ही म्हणजे टेस्ट व्हेइकल). पाच सेकंद बाकी असताना संगणकाने मोजणी थांबवली, कारण शोधलं गेलं, आणि दहा वाजता तेच रॉकेट उडालं. टीव्हीवर अनेकांना ते अपयश वाटलं होतं. मला मात्र त्या क्षणी एमआर-१ ची लोंबती पॅराशूटं आठवली आणि हे रॉकेट खाली असतानाच थांबलं याचं समाधान वाटलं.

२१ जुलै १९६१ च्या एमआर-४ मध्ये रॉकेटने काहीही त्रास दिला नाही, कंपनंही आणखी कमी झाली. गस ग्रिसम १९० किलोमीटरपर्यंत जाऊन आले. दरवाजा पाण्यात अकाली उघडून कुपी बुडाली, ती १९९९ मध्ये समुद्रतळावरून वर काढली. पण ती कुपीची कहाणी, रॉकेटची नव्हे. ऑगस्टमध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्ह यांनी पृथ्वीभोवती १७ फेऱ्या मारल्यावर पंधरा मिनिटांच्या आणखी फेका मारण्यात अर्थ उरला नाही. पुढची मर्क्युरी-रेडस्टोन उड्डाणं रद्द झाली आणि जॉन ग्लेन फेब्रुवारी १९६२ मध्ये ॲटलस रॉकेटवरून कक्षेत गेले.

तुम्ही तक्ता करताय, तर सहाही ओळी ठेवा. एमआर-१ समोर उंची १० सेंटिमीटर असंच लिहा. आणि एमआर-२ व एमआर-३ यांच्या मधल्या ओळीत, प्रवाशाच्या रकान्यात 'कोणी नाही' असं लिहून एमआर-बीडीला तिची जागा द्या.